बघणाऱ्यांची पुस्तकं

मला कर्तबगार नायकांची पुस्तकं फारशी मानवत नाहीत. गड जिंकणारे, घराणी बुडवणारे आणि उभारणारे, नाहीतर भर सभेत मूठ आपटून बोलणारे लोक आले की मी पानं भराभर उलटते. पण कुणीतरी कडेला उभा राहून नुसता बघतोय, त्याच्या हातात काही नाही, त्याला कुणी विचारतही नाही, असा माणूस भेटला की मी त्याच्याबरोबर शेवटच्या पानापर्यंत जाते. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात नवी जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आली की लोक त्या कपाटाशी घुटमळतात. मी त्यांच्या बाजूने हात घालून बारकी पुस्तकं काढते. बघणाऱ्यांची पुस्तकं बहुधा बारकीच असतात. करणाऱ्यांना सातशे पानं लागतात.

'ययाति'ला मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ मिळालं, १९७४ साली. आमच्या पिढीच्या मुलींनी ती रडत रडत वाचली. मीही वाचली, पण रडू आलं नाही. ययाती बोलतो, मग देवयानी बोलते, मग शर्मिष्ठा बोलते. तिघंही आपापली बाजू इतकी सुरेख मांडतात की कोर्टात तीन वकील उभे आहेत आणि साक्षीदार एकही आलेला नाही, असं वाटत राहतं. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर बघतो खरा, पण निम्मा वेळ स्वतःकडेच. मनीच्या मरणाची पानं मात्र कुणीही कधीही उघडून वाचावीत. (हे मत मी माझ्या भाच्यासमोर एकदा मांडलं. तो अजून माझ्याशी पुस्तकांवर बोलत नाही, फक्त पावसापाण्यावर बोलतो.)

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' १९३९ सालचं. युरोपातून निघालेली बोट, बोटीवर हिटलरच्या छळातून सुटून पळणारे ज्यू, आणि त्यांच्यात एक मराठी माणूस, चक्रधर. त्याला सगळं दिसतं, कळतं, हेर्टा आवडतेही. पण जिथे पाऊल उचलायचं तिथे तो उचलत नाही. हे पुस्तक वाचून त्याच्यावर चिडणारे लोक मला भेटलेत. मी चिडत नाही. बघणाऱ्याला किंमत मोजावी लागत नाही, ती कुणीतरी दुसरंच मोजतं, हे इतक्या थोड्या पानांत सांगणारं दुसरं मराठी पुस्तक मला माहीत नाही. ही प्रत मी कुणाला उसनी देत नाही.

पण खरं सांगायचंय ते 'बनगरवाडी'बद्दल.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत कोवळा शाळामास्तर येतो. शाळेत पोरं नाहीत, ती मेंढरांमागे आहेत. मास्तर हळूहळू वाडीचा होतो, लोकांची पत्रं वाचतो, अर्ज लिहितो, भांडणं ऐकतो, तालीम बांधायचं मनावर घेतो. राजेसाहेब येतात. मग पाऊस येत नाही. वाडी जगायला बाहेर पडते आणि शाळा ओस पडते. गोष्ट म्हणाल तर इतकीच.

माणदेश आमच्यासाठी पुस्तकातला प्रदेश नाही. सांगोला ओलांडलं की आटपाडी लागते. माझी आत्या सांगोल्याकडे दिलेली. तिला वाचता येत नाही, पण ऐकायची हौस दांडगी. मी तेव्हा नुकतीच प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेले की दुपारची जेवणं झाल्यावर, लिंबाखाली बाज टाकून, 'बनगरवाडी' तिला वाचून दाखवायची. ती ज्वारी निवडत ऐकायची. मेंढरं, लांडगे, कारभाऱ्याचा राग, कुठे काही खटकलं तर सूप थांबायचं. "आसं न्हाई करत मेंढरू," असं एकदा म्हणाली, मग माझ्याकडून तो परिच्छेद परत वाचून घेतला आणि म्हणाली, "करतं, करतं. थंडीत करतं." माडगूळकरांना याहून मोठा समीक्षक मिळाला असेल असं मला वाटत नाही.

पुस्तक संपलं त्या दिवशी ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं तिला वाईट वाटलं असणार. मग सूप पाखडत म्हणाली, "मास्तर चांगलाय. पर त्येला पगार हुता की गं. दुष्काळ पडला तरी म्हैन्याच्या म्हैन्याला पगार. मंग बघाया काय जातंय?"

मी स्वतः पगारदार मास्तरीण, समोर बसलेली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ज्वारीतला खडा काढून फेकला आणि उठून चुलीकडे गेली.

त्यानंतर मी कुठलंही पुस्तक वाचलं की आधी पाहते, या बघणाऱ्याला पगार कोण देतंय? हा प्रश्न कुठल्याही समीक्षेच्या पुस्तकात मला सापडला नाही, पण लागू मात्र बहुतेक ठिकाणी पडतो. याने 'बनगरवाडी' लहान होते असंही नाही. उलट मास्तर शेवटी वाडी सोडून निघतो तेव्हा त्याच्या निघण्यात आणि धनगरांच्या निघण्यात काय फरक आहे, हे दिसू लागतं. तो बदलीवर निघालाय आणि ते पोटासाठी. माडगूळकरांनी हे कुठे बोलून दाखवलेलं नाही. न बोलता ठेवलंय, म्हणून आत्याला ते ऐकू आलं.

अमोल पालेकरांनी १९९५ साली 'बनगरवाडी'वर चित्रपट केला. चंद्रकांत कुलकर्णी मास्तर झाले, चंद्रकांत मांढरे कारभारी. नीट, शांत, कुठेही तोल न गेलेला चित्रपट आहे. तरी दुष्काळ ही गोष्टच सिनेमाला जड जाते, असं माझं मत झालंय. पडद्यावर भेगाळलेली जमीन आली की दुष्काळ आला हे एका झटक्यात कळतं, आणि गडबड तिथेच होते. दुष्काळ एका झटक्यात कळत नाही. आमच्याकडे २०१२-१३ला चारा छावण्या उघडल्या तेव्हा आत्या म्हैस आणि दोन बैल घेऊन छावणीत जाऊन राहिली होती. दावणीशेजारी पाचटावर पथारी, डोक्यावर साडीचा आडोसा, आणि दिवसभर उसाचं वाढं कधी येतंय याची वाट. मी भेटायला गेले तर तक्रार एकच, झोप येत नाही, कारण एवढी जनावरं एकत्र रात्री रवंथ करतात त्याचा आवाज होतो. दुष्काळ म्हणजे तिच्या लेखी तो आवाज. वाट बघणं दाखवायचं तर सिनेमाने प्रेक्षकाला कंटाळा आणायला हवा, आणि ते धाडस तिकीट विकणाऱ्याला परवडत नाही. पुस्तकाला परवडतं.

त्याच मातीतलं दुसरं पुस्तक शंकरराव खरातांचं, 'तराळ-अंतराळ'. खरात आटपाडीचे, माडगूळकरांहून सहा वर्षांनी मोठे. पुस्तक मात्र बरंच नंतर आलं, १९८१ला. संस्थान तेच, उन्हाळा तोच, बाभळी त्याच. साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही दोघांना पाठोपाठ मिळालं: १९८३ला अंबाजोगाईत माडगूळकर, १९८४ला जळगावात खरात. एका कोरड्या पट्ट्याने दोन वर्षांत दोन अध्यक्ष दिले याचं कौतुक मला आहेच, पण ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून कुणी शिकवत का नाही, हे मला कधी कळलेलं नाही. 'बनगरवाडी'तला मास्तर गावात येतो आणि गाव त्याला सामावून घ्यायचं की नाही ते ठरवतं. खरातांच्या वडिलांना गावाने केव्हाच ठरवून ठेवलेलं आहे. तराळकी, म्हणजे महारांच्या वाट्याला आलेली गावकीची चाकरी. सांगेल ते काम, सांगेल तेव्हा.

त्यात विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग आहे. प्रेत विहिरीत, आणि त्याची राखण तराळाकडे. पोलीस येतात आणि प्रेत काढायला त्यालाच आत उतरायला सांगतात. विहिरीत साप. वर काठावर त्याचा मुलगा. हा मुलगा बघणाराच आहे, पण त्याला पगार नाही, बदलीचा हुकूम नाही, आणि खाली उतरणारा त्याचा बाप आहे. माझ्या कोपऱ्यातल्या नुसत्या बघणाऱ्यांच्या आवडीला या प्रसंगाने चांगलाच सुरुंग लावला. मास्तर बघतो ते गोड लागतं, चक्रधर बघतो ते बोचतं, आणि हा मुलगा बघतो तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागतं. मी ते मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.

आता सिनेमावाल्यांबद्दल. या पट्ट्याचा आणि सिनेमाचा संबंध जुना आहे. आटपाडीजवळ औंध संस्थानाने कैद्यांची मोकळी वसाहत केली होती, स्वतंत्रपूर. त्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी, म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांच्या थोरल्या भावाने, गोष्ट लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. त्याआधी १९४६ला त्यांनीच आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' केला होता, ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून. डॉक्टर स्वतः शांताराम, त्यांची चिनी बायको चिंग लान जयश्री. कोटणीस १९३८ला काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि डिसेंबर १९४२मध्ये तिथेच वारले, वय जेमतेम बत्तीस. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक पाहायला चीनहून पाहुणे येतात, तेव्हा आम्हाला त्यांची नव्याने आठवण होते.

शांताराम यांना करणारी माणसं आवडायची. जेलर करणारा, डॉक्टर करणारा, आणि कॅमेरा त्यांच्याकडे मान वर करून बघणारा. कोटणीसांच्या बाबतीत हे शोभतंही, माणूस खरंच तेवढा होता. तरी त्या सिनेमात डॉक्टर जितकं भाषण करतो तितका वेळ रणांगणावरच्या डॉक्टरला मिळत असेल का, ही शंका मला येते. सोलापूरकर म्हणून मी तो अभिमानाने बघते, वाचक म्हणून जरा चुळबुळत.

बघणाऱ्यांचा दिग्दर्शक आम्हाला नंतर मिळाला. जब्बार पटेल. जन्म पंढरपूरचा, वाढले सोलापुरात. त्यांचा 'सिंहासन' १९७९चा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन', एकत्र करून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. दोन पुस्तकांचा एक सिनेमा म्हटल्यावर माझ्यासारख्याच्या कपाळाला आठी पडते. माझ्या मते 'सिंहासन' कादंबरीचं यात भलं झालं. खुर्चीचं राजकारण पडद्यावर चेहरे मिळाल्याने जास्त धारदार झालं. तोटा झाला तो 'मुंबई दिनांक'चा. त्या कादंबरीत शहर अंगावर येतं. सिनेमात ते मंत्र्यांच्या मोटारीच्या काचेतून दिसतं. अर्थात सव्वादोन-अडीच तासांत कुणाला तरी बाहेर ठेवावंच लागतं. मंत्र्यांना ठेवता आलं नसतं.

पण नटांची निवड! चार वर्षं आधी, १९७५ला, याच दिग्दर्शकाने तेंडुलकरांकडूनच 'सामना' लिहून घेतला होता. त्यात निळू फुले साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील, आणि श्रीराम लागू गावात येऊन पडलेला, प्रश्न विचारत सुटलेला दारुडा मास्तर. सत्ता एकाकडे, डोळे दुसऱ्याकडे. 'सिंहासन'मध्ये पाट्या उलट्या फिरवल्या. लागू झाले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले. निळू फुले झाले पत्रकार दिगू टिपणीस, सगळीकडे जाणारा, सगळं ऐकणारा, काहीच बदलू न शकणारा. हे लक्षात आल्यापासून मी दोन्ही सिनेमे जोडीनेच बघते. दिगू मंत्र्यासमोर बसून ओठ मुडपतो तेव्हा या माणसाला पलीकडच्या खुर्चीत कसं बसतात हे नेमकं ठाऊक आहे, असं वाटत राहतं. कादंबरी वाचताना हे सुख नाही. हे फक्त सिनेमाच देऊ शकतो, आणि तेही प्रेक्षकाने आधीचा सिनेमा पाहिला असेल तर. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री तर काय, त्या भूमिकेवर वेगळा लेख होईल. तो राहू दे.

मला सांगायचंय ते डिकास्टाबद्दल. सतीश दुभाषींनी केलेला कामगार पुढारी. संप पुकारणारा आणि मिटवणारा. हा सिनेमा मी पहिल्यांदा दूरदर्शनवर पाहिला, आमच्या चाळीतल्या खोलीत. अण्णा, माझे वडील, मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. त्यांच्या मिलचा भोंगा तोवर गप्प झाला होता. टीव्हीसमोर आम्ही पोरं, शेजारचे दोघं-तिघं, खाटेवर अण्णा. आई भिंतीला टेकून, मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू. तिचे हात विडी वळत होते आणि मान खाली होती. ती सिनेमा बघत नव्हती, ऐकत होती. दिवसाचा हिशेब कारखान्यात विड्या मोजून मिळायचा, मान वर केली की विडी कमी.

डिकास्टा पडद्यावर आला तसे अण्णा सरसावून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "वळखीचा हाय की बे ह्यो." शेजारचे काका हसले. अण्णा हसले नाहीत. गेट मीटिंगला असला माणूस त्यांनी जवळून पाहिलेला असणार. कोण, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आईने मान न उचलता विचारलं, "संप मिटला का?"

कुणी उत्तर दिलं नाही. सिनेमातला संप म्हणतेय की आपला, हेच आम्हाला समजेना.

म्हणून 'सिंहासन'चा शेवट मला आजही पचत नाही. सगळं बघून झाल्यावर दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो. हा शेवट गाजलेला आहे. निळू फुल्यांनी तो असा केलाय की अंगावर काटा येतो, त्याबद्दल वाद नाही. पण आत्याचा प्रश्न इथे आडवा येतो. वेड लागणं ही चैन आहे. दिगूला वर्तमानपत्र पगार देतं. त्याचं वेड कथेला परवडतं. अण्णांच्या खात्यातले लोक मिल बंद झाल्यावर यंत्रमागावर गेले, कुणी बँकेच्या दारात वॉचमन झाला, कुणी रिक्षा घेतली. हसायला लागून रस्त्यावर उभं राहायची सोय त्यांच्यापैकी एकालाही नव्हती. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जायचं होतं. सगळं समजूनही वेडा न होता कामावर जाणारा माणूस हा शेवट जास्त भयंकर झाला असता, आणि तो सिनेमात होता, डिकास्टाच्या मोर्चात मागच्या रांगेत. कॅमेरा त्याच्यापर्यंत गेला नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातली माझी एक मैत्रीण आहे, घरी तेलुगू बोलणारी, मराठी सिनेमाची माझ्याहून जास्त दर्दी. ती हे ऐकून घेत नाही. तिचं म्हणणं, दिगू वेडा झालेलाच नाही. त्याला पहिल्यांदाच विनोद कळलाय. आणि मोर्चातल्या शेवटच्या माणसाची गोष्ट सांगायची तर ती पत्रकाराच्या डोळ्यांनी सांगताच येणार नाही; तेंडुलकरांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पत्रकाराचाच शेवट केला, कामगाराचा नाही. "नसतं येत ते केलं नाही, हे बरंच की गं," असं ती म्हणते. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे, आणि ते 'तराळ-अंतराळ'मध्ये आहे.

तो विहिरीचा प्रसंग कुणी चित्रित करायला घेतला तर कॅमेरा कुठे ठेवायचा, यावर आमचं मागच्या आठवड्यात वाजलं. ती म्हणते, वरच, मुलाजवळ. खरातांनी जिथून पाहिलं तिथूनच, एक वीतही पुढे नाही. बाप पायऱ्या उतरून दिसेनासा झाला की प्रेक्षकालाही दिसता कामा नये. मला वाटतं, एकदा तरी कॅमेरा खाली न्यावा आणि तिथून वर बघावं. गोल आभाळ, काठावर वाकलेल्या टोप्या, पोलिसाचे बूट, आणि त्यांच्यात कुठेतरी पोराचं डोकं. वरचे सगळे बघणारे, आणि बघितलं जाणारा एकटा. ती म्हणते, हा हावरेपणा आहे, पुस्तकात नाही ते मागायचं नाही. मी म्हणते, मग सिनेमा काढायचाच कशाला, पुस्तक आहेच की. ती 'तराळ-अंतराळ' घेऊन गेलीय. शनिवारी परत करते म्हणाली आणि वाचून झाल्यावरच बोलू, असंही म्हणाली.